घरची हाळी

आम्रपाली स्टाफरूममध्ये लंबकाच्या दोऱ्याची गाठ सोडवत बसली होती, तेवढ्यात मागच्या टेबलावरून तिच्या माहेरची हाळी आली. खालच्या पट्टीतून निघालेली एक लांब हाक, पायरी चुकावी तशी मध्येच तुटलेली, आणि मग वर चढत जाणाऱ्या दोन आखूड. तिचे हात गाठीवरच राहिले. घशात मात्र उत्तर येऊन थांबलं. बीड शहराच्या मधोमध, पंख्याच्या घरघरीत, अकरावीच्या प्रॅक्टिकलच्या वह्यांमध्ये बसल्यावर ही हाळी येणं शक्य नव्हतं. तरी ती पुन्हा आली, तंतोतंत तशीच, आणि तेव्हा तिला कळलं की हा मोबाइल आहे.

"मॅडम, हे बघितलंत का?" केमिस्ट्रीच्या रोहिणी मॅडमनी फोन तिच्यापुढं धरला. "माझ्या जावेनं पाठवलंय. लाखभर लोकांनी बघितलंय म्हणे. धरणातल्या बेटावरची बाई आहे. तिथं रेंज नाही, तर पाण्यावरून अशी हाळी देतात. प्रत्येक घराची वेगळी असते. तुम्ही गेवराईकडच्याच ना?"

"तिकडचीच," आम्रपाली म्हणाली.

पडद्यावर राजश्री होती. तिच्या धाकट्या भावाची, नवनाथची, बायको. थर्माकोलच्या चप्पूवर, त्या छोट्या तराफ्यावर उभी, पदर कमरेला खोचलेला, मागं सकाळचं सपाट पाणी आणि कडेला निळा झेंडा. तोंडाशी हातांचा द्रोण करून तिनं हाळी दिली आणि शेवटची आखूड हाक होती त्यापेक्षा थोडी लांबवली. अगदी थोडी. गाणाऱ्यानं आपली म्हणून एखादी मुरकी घ्यावी तशी. मग चित्र हललं आणि काठावर मासे साफ करत बसलेली एक म्हातारी दिसली. व्हिडिओ काढणारा आवाजावरून चुलतभाऊ पप्पू होता, गेवराईत मोबाइलचं दुकान चालवणारा. तो मुद्दामच अनोळख्यासारखा विचारत होता, "काकू, ही तुमची सून का?" म्हातारीनं मान वर न करता म्हटलं, "सून कशाची. लेकच हाय ती माझी."

"किती गोड ना," रोहिणी मॅडम म्हणाल्या.

"हो," आम्रपाली म्हणाली, आणि गाठ सुटत नव्हती म्हणून तिनं दोरा ब्लेडनं कापून टाकला.

दुपारभर ते एक वाक्य तिच्यात फिरत राहिलं. त्याला चव होती, तांब्याचं नाणं जिभेवर ठेवल्यासारखी. म्हातारी तिची आई होती, आणि आईच्या त्या वाक्यात खोटं काही नव्हतं. तेच टोचत होतं. खोटं असतं तर सोडून देता आलं असतं. राजश्री आईचे पाय चेपते, आईच्या डोळ्यांत औषध घालते, आईला कोणत्या दाढेनं चावता येतं हे तिला माहीत आहे. आम्रपाली दर महिन्याला गोळ्या पाठवते, डॉक्टरांची वेळ घेते, रिपोर्ट वाचून नवनाथला समजावून सांगते. दोन्हीचं वजन करायचं म्हटलं तर कोणत्या तराजूनं करायचं? पण वजन होत होतं. दिवसभर, विद्यार्थ्यांच्या वह्यांवर सह्या करताना, आत कुठंतरी एक पारडं खालीवर होत होतं आणि दर वेळी राजश्रीचंच खाली बसत होतं.

त्या जागेचं कागदावरचं नाव टेकवस्ती. तिथले लोक नुसतं बेट म्हणतात. धरणाची भिंत पुरी झाली तेव्हा गाव उठून नव्या गावठाणात गेलं. गावाच्या कडेला टेकाडावर बौद्धांची घरं होती. त्यांनाही नव्या गावठाणात जागा आखून दिली होती, ओढ्याच्या पलीकडं, विजेच्या शेवटच्या खांबाच्या पुढं. आम्रपालीचे आजोबा ती जागा बघून आले आणि म्हणाले, तितं बी कडंलाच ऱ्हायचं, तर मग पाण्याच्या कडंला ऱ्हाऊ. पाणी चढलं, टेकाडाभोवती फिरलं आणि पलीकडं जाऊन मिळालं. तेव्हापासून विहीर त्यांची झाली, पिंपळाखालचा विहार त्यांचा झाला, आणि कोण कुठून पाणी भरतं हे बघणारं दुसरं कुणी उरलं नाही. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात ते खरबुजं लावत. पाणी चढलं की जाळी टाकत. सुरुवातीला गुळाच्या काहिलीत बसून काठावर जात, पुढं थर्माकोलचे चप्पू आले. काठावर पोचलेल्या माणसानं घरच्यांना बोलावायचं कसं, यातून हाळी आली. प्रत्येक घराची एक. ती घरातल्यानंच द्यायची आणि घरातल्यानंच तिला उत्तर द्यायचं. पाहुणा आला तर त्यानं साधा ओ द्यायचा. मग जो मोकळा असेल तो चप्पू सोडी. हे कुणी कुठं लिहिलेलं नव्हतं, पण दुसऱ्या घराची हाळी चेष्टेतसुद्धा कुणी दिली नाही, जसं दुसऱ्याच्या ताटातला घास कुणी उचलत नाही.

शाळा काठापलीकडच्या गावात होती. संध्याकाळी आम्रपाली काठावर येऊन दप्तर दगडावर ठेवी आणि हाळी देई. तेव्हाचा तो थोडा वेळ, हाक जाऊन उत्तर यायच्या मधला, तिला अजून अंगावर आठवतो. आपण आहोत की नाही हे पलीकडून कळायचं असे. मग आईचा आवाज येई, तीच हाळी, जाड आणि जराशी वैतागलेली, कारण चुलीवरचं काहीतरी टाकून ती आलेली असे. त्या वैतागात आम्रपाली होती, पूर्ण होती. पुढं फिजिक्स शिकताना तिला कळलं की सकाळी पाण्याला लागून असलेली हवा गार असते आणि वरची ऊन, म्हणून वर निघालेला आवाज वाकून पुन्हा पाण्याकडं येतो आणि लांब जातो. भर दुपारी उलट होतं आणि तो आभाळाकडं निघून जातो. बेटावर दुपारी कुणी हाळी देतच नसे. हे उदाहरण ती दर वर्षी वर्गात सांगते. एखाद्या तळ्याकाठी दोन माणसं उभी आहेत असं समजा, असं म्हणून सांगते. ती दोन माणसं कोण, तळं कोणतं, हे तिनं कधी सांगितलं नाही. गाव कोणतं विचारलं की गेवराईकडचं म्हणायचं आणि विषय बदलायचा, कारण गावानंतर वस्ती येते आणि वस्तीनंतर विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर हिशेब जुळल्याची एक बारीक हालचाल होते. ती हालचाल तिला पाठ होती. आणि राजश्री चप्पूवर उभी राहून, पदर खोचून, मागं विहारावरचा निळा झेंडा दिसेल अशा बेतानं उभी राहून लाखभर लोकांसमोर घरची हाळी देऊन मोकळी झाली होती. काही झालं नव्हतं. लोक गोड म्हणत होते. म्हणजे हेही राजश्रीनं आधी केलं.

लग्न होऊन निघालेली मुलगी चप्पूतून शेवटची हाळी देते. घर उत्तर देत नाही. उत्तर न देण्यातच निरोप आहे, असं बेटावर मानतात; त्यानंतर तिनं काठावर यावं ते पाहुण्यासारखं, ओ देत. आम्रपालीनं तिची शेवटची हाळी दिली तेव्हा बँकेत नोकरीला असलेला तिचा नवरा जीवन, आष्टीकडचा, हे सगळं पहिल्यांदाच बघत होता. तो हळूच म्हणाला, "ऐकू नाही गेलं वाटतं त्यांना." ऐकू गेलं होतं. आई काठावरच उभी होती, ओठ आवळून. आम्रपालीला त्या रीतीचं वाईट वाटलं नव्हतं तेव्हा. सगळ्याच मुलींना ती होती. वाईट वाटलं ते दोन वर्षांनी, नवनाथचं लग्न झाल्यावर. आई रोज सकाळी नव्या सुनेला काठावर नेऊन घरची हाळी शिकवत होती. दिवाळीला आलेली आम्रपाली दारात चहा घेऊन बसली होती आणि खालून कोवळा, चुकणारा आवाज येत होता. आई म्हणत होती, "तुटू दे मधी. भिऊ नको. तुटल्याबिगर ती आपली न्हाई वाटत." पोटच्या मुलीला हे कुणी शिकवलं नव्हतं. मुलीला ते येतच होतं, म्हणून तिला कुणी काठावर हाताला धरून नेलं नाही. आईच्या आवाजातला तो धीर, तो मऊपणा, आम्रपालीच्या वाट्याला कधी आलेला नव्हता. चहा गार झाला. राजश्री भिजल्या पायांनी वर आली आणि हसून म्हणाली, "ताई, माझी लई चुकती." आम्रपाली म्हणाली, "येईल हळूहळू." आणि मनात म्हणाली, न येवो.

लग्न झालेल्या लेकीला माहेरची हाळी पुन्हा देता येते ती फक्त दोनदा. बाप गेल्यावर एकदा, आई गेल्यावर एकदा. ती बातमी ऐकून काठावर येते आणि ओ न देता घरची हाळी देते, आणि मग तिला आणायला एका घराचा नाही, सगळ्या बेटाचे चप्पू सुटतात, न बोलता. बायका चुलीतली लाकडं ओढून पाणी मारतात. वडील, बन्सी, गेले तेव्हा आम्रपालीनं ती दिली होती, म्हणजे द्यायला गेली होती. पहिली लांब हाक निघाली आणि तुटायची तिथं जी तुटली ती पुढं आलीच नाही. पाण्यावर सगळे चप्पू एका ओळीत येताना दिसले, आणि पलीकडच्या टेकाडावरचा धूर एकेका घरावरून नाहीसा होत गेला. तेवढं दुःखातही तिला दिसलं होतं. दिसलं आणि बरं वाटलं होतं, की हे माझ्यासाठी आहे. हे राजश्रीसाठी होत नाही.

त्या संध्याकाळी आम्रपाली घरी आली तर मुलगी ऋतुजा आरशासमोर केस विंचरत तीच हाळी गुणगुणत होती, लांबवलेल्या शेवटासकट. "आई, मामी व्हायरल झाली," ती म्हणाली. "मी ट्यूशनमध्ये सगळ्यांना सांगितलं, ही माझी मामी आहे म्हणून. आणि ती आजी, ती माझी आजी."

"शेवट चुकीचा आहे तो," आम्रपाली म्हणाली.

"म्हणजे?"

"एवढा लांब नसतो."

"मग तू म्हणून दाखव ना."

"मला नाही येत," आम्रपाली म्हणाली. मुलीनं आरशातून तिच्याकडं बघितलं, मग पुन्हा केसांकडं.

रात्रीच्या भाज्या निवडायला जीवन समोर बसला. मे संपायच्या आत बेट रिकामं करायचं होतं. त्या पाण्यावर सौर विजेची पॅनेल तरंगणार होती आणि बेटावर त्यांचं सामान राहणार होतं. हायवेला लागून सगळ्यांना घरं बांधून दिली होती, एकासारखं एक. नवनाथ तिकडं जाणार हे नक्कीच होतं. आईचं नक्की नव्हतं. आम्रपालीनं फेब्रुवारीतच मागची खोली रिकामी केली होती, ऋतुजाचं टेबल हॉलमध्ये आणलं होतं, खिडकीशी कॉट टाकली होती, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घेतली होती. आईला दोनदा विचारलं. आई दोन्ही वेळा म्हणाली, बघू. त्या बघूवर आम्रपाली दोन महिने जगत होती. आई इथं आली तर सगळं जागेवर येईल असं तिला वाटे. काय जागेवर येईल, हे शब्दांत मांडता येत नसे, पण ते लहानपणीच्या त्या वैतागलेल्या उत्तरासारखं काहीतरी होतं.

"तुला नेमका राग कशाचा आलाय?" जीवननं विचारलं. "हाळी बाहेर गेली याचा, की राजश्रीनं दिली याचा?"

"राग नाही आला."

"मेथीची पानं टाकतेयस आणि देठ ठेवतेयस."

तिनं खाली बघितलं. मग म्हणाली, "रविवारी जाऊन येते. एकटीच जाते. या वेळी तिचं उत्तर घेऊनच येते."

रविवारी सकाळी ती काठावर पोचली तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. एप्रिलात पाणी मागं सरतं आणि भेगाळलेल्या गाळावरून बरंच चालावं लागतं. चपलेखाली गाळाच्या खपल्या मोडत होत्या. पाण्याशी एक पांढरी गाडी उभी होती आणि तिच्याभोवती पोरं, बायका, फोन. गेवराईहून बेट बघायला आली होती. एकजण तोंडाशी हात धरून हाळी द्यायचा प्रयत्न करत होता. "अबे, असं न्हाई बे," दुसरा म्हणत होता, "आधी खालून घे, मंग तोड." पलीकडून काहीच येत नव्हतं. सगळे हसत होते. आम्रपाली त्यांच्यापासून लांब, जुन्या दगडाकडं गेली. घरची हाळी अशी काठावर कुणीही उष्टावत होतं, आणि हे सुरू कुणी केलं?

तिनं ओ दिला. पाहुण्याचा, साधा. समोरच्या काठावर राजश्री जाळं झटकून वाळूवर पसरत होती. एवढ्या अंतरावरूनही तिची वाकायची पद्धत ओळखू येत होती. तिनं मान वर केली नाही. आम्रपालीनं पुन्हा ओ दिला. वारा नव्हता. पाणी गार होतं, वरची हवा तापू लागली होती. आवाज वाकून नेमका तिथंच उतरणार, त्या जाळ्यावर. ऐकू जात नाही असं होणंच शक्य नव्हतं. म्हणजे ऐकू जाऊनही ती वळत नव्हती. म्हणजे आम्रपाली आणि ते गाडीवाले यांच्यात तिला फरक वाटत नव्हता. जाळं पसरून झालं. राजश्री त्याच्या कडेला बसली आणि एकेक गाठ तपासू लागली, निवांत, घरच्यासारखी, ज्याला कुणालाही हाक मारायची नाही आणि कुणाची वाट बघायची नाही अशा माणसासारखी. आम्रपालीनं ठरवलं असं म्हणता येणार नाही. ठरवलं नाही असंही नाही. रीत तिला माहीत होती. ती रीत त्या क्षणी समोर स्वच्छ उभी होती, पाण्यातल्या दगडासारखी, आणि तरी तिनं हातांचा द्रोण केला आणि घरची हाळी दिली. खालून घेतली, तोडली, दोन आखूड. शेवट तिनं लांबवला नाही. बन्सी जिथं थांबत तिथंच तो कापला, असा की कुणालाही कळावं, खरी कोणती.

"लई भारी, बाई," मागून गाडीवाल्यांतला एकजण म्हणाला. "एकदम तशीच."

राजश्री उठली. क्षणभर तशीच उभी राहिली. मग हातातलं जाळं तिथंच टाकून पळत सुटली. चप्पूकडं नाही. वर, घराकडं. चप्पल निघाली तरी थांबली नाही, एकदा गुडघ्यावर पडली, उठली, पुन्हा पळाली. तिला बघायचं होतं की म्हातारी जिवंत आहे का. काठावरून हे सगळं मुक्या चित्रासारखं दिसत होतं, आणि ते बघताना आम्रपालीला आधी आपण काय केलं हे कळायला हवं होतं. पण आधी कळलं ते हे, की अशी पळते ती लेक. आईसाठी आपण असं कधी पळालो नाही. आपण नेहमी एसटीनं आलो. त्या पळण्याचासुद्धा तिला हेवा वाटला. मग टेकाडावरचा धूर तुटायला लागला. कौशल्याबाईच्या घरावरचा, मग त्याच्या शेजारचा, मग विहारामागचा.

चप्पू आले. सगळे आले, एका ओळीत, वल्ह्यांचा आवाज सोडून कसलाही आवाज न करता. गाडीवाल्यांनी आपणहून फोन खाली घेतले. सगळ्यांत पुढच्या चप्पूवर आई बसली होती, डोक्यावर पदर घेऊन, आणि राजश्री वल्हवत होती. राजश्रीच्या गुडघ्यावर साडी फाटली होती आणि तिथून रक्ताची बारीक रेघ आली होती. ती आम्रपालीकडं बघत नव्हती.

"कोण गेलं?" आईनं विचारलं.

"कुणी न्हाई, माय." बीडमध्ये ती आई म्हणे, इथं तोंडात माय येई.

"मंग मीच गेले म्हणायचं."

मागच्या चप्पूवर कुणीतरी हसलं आणि थांबलं. "आगं, म्या पळत गेले हिच्या दारात," शेजारची कौशल्याबाई म्हणाली. "चुलीत पानी मारून आदी पळाले. तर ही आपली तव्यावर भाकर टाकून पाट्यावर मिरच्या रगडीत बसलेली. म्हनलं, मालन, हायस का? तर म्हनती, दिसत न्हाई का."

आता सगळेच हसले. राजश्री हसली नाही. आईनं हात वर केला तसे पुन्हा गप्प झाले. "कावून दिलीस?" तिनं विचारलं.

"ओ दिला व्हता. दोनदा. कुणी बघितलं न्हाई."

"रोज ही जत्रा असती हितं. दिस उगवल्यापासून ओरडत्यात. कुना कुनाला बघावं?" आईचा आवाज चढला नाही. "ती माझ्या वाट्याची व्हती, आमू."

"माहीत हाय."

"एकच असती. झाली आता."

सगळं बेट आम्रपालीसमोर पाण्यावर थांबलं होतं, कधीच पुन्हा थांबणार नव्हतं तसं, आणि तिनं ते कशासाठी बोलावलं होतं? एका बाईनं मान वळवावी म्हणून. तिला वाटलं, आई आता उठून चप्पू फिरवायला सांगेल. पण आई डोळे बारीक करून तिच्याकडं बघत म्हणाली, "पर बरी दिलीस. तुज्या बापाच्या वक्ताला निम्मी बी आली न्हवती. आवाजच फाटला व्हता. म्या तवाच म्हनलं, माजं बी असंच व्हनार." ती थोडी सरकली, शेजारी जागा केली. "आन मे संपला की कुठं देनार व्हतीस? त्या रोडच्या कडंला? ट्रकवाले साइड देतील. बस. आपल्या वाट्याची कुनाला ऐकाय मिळती? मला मिळाली."

सगळे चप्पू पाणी ओलांडून परतले. घरी चूल विझून ओली झाली होती. राजश्रीनं राख काढली, कोरडी लाकडं लावली, फुंकणीनं फुंकत बसली. गुडघ्याला हळद लावायला आम्रपाली पुढं झाली तर म्हणाली, "राहू द्या, ताई." आई भिंतीला टेकून बसली होती. आम्रपालीनं विचारायच्या आधीच ती म्हणाली, जसं काही मिरच्यांबद्दल बोलावं तशी, "मी हिच्यासंगं जानार हाय. रोडच्या घरी. तुज्याकडं यीन, ऱ्हाईन चार दिस. पाव्हनी म्हनून."

"खोली केलीय मी, माय. दांडी बसवलीय धरायला."

"चांगली गोष्ट केलीस. आले की धरीन."

एवढंच. दोन महिन्यांच्या बघूचा शेवट एवढाच होता. आम्रपालीनं वाट बघितली, की आता राजश्रीचं पारडं पुन्हा खाली जाईल, नेहमीसारखं. पण आत सगळं विचित्र शांत होतं. आई कौशल्याबाईशी बोलायला बाहेर गेली. दारातून तिचा आवाज येत होता, मी मेले तवा कसं वाटलं तुला, असं काहीतरी विचारत होती आणि बायका हसत होत्या.

राजश्री तव्यावर भाकरी टाकत म्हणाली, "मला ती कदीच द्याला येनार न्हाई."

"काय?"

"तुमी दिली ती." तिनं भाकरीवर पाणी फिरवलं. "मी रोज देती. जळन आनताना, बाजार करून येताना. उद्या आत्याबाई गेल्या आन मी काटावर जाऊन कितीबी घसा ताणून दिली, तर लोकं म्हनतील, राजश्री आली, नवनाथा, चप्पू सोड. एक चूल इझायची न्हाई." भाकरी उलटली. "पप्पू आला तवा आत्याबाई म्हनल्या, लेकच हाय. चांगलं वाटलं मला. रातभर चांगलं वाटत व्हतं. आन आज तुमी एक हाळी दिली तर समदं बेट सुटलं. आत्याबाई पाटा सोडून उठल्या आन म्हनल्या, माजी आमू आली. मी शेजारी हुबी व्हते. दम लागलेला, गुडगा फुटलेला. माज्याकडं बघितलं बी न्हाई त्यांनी."

तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. चुलीकडं बघत, सपाट आवाजात सांगितलं, आणि त्या आवाजाची पट्टी आम्रपालीला आतून ओळखीची होती. दुपारभर, दिवसभर, वर्षानुवर्षं ती स्वतः त्याच पट्टीत बोलत आली होती. समजुतीचं काहीतरी म्हणायला हवं होतं. तिचं किती करतेस तू, माय तुझ्याशिवाय राहील का, असलं काहीतरी. ते सगळं खरं होतं आणि तोंडाशी आलंही होतं. पण त्याच वेळी तिच्या अंगात एक ऊब पसरत होती, पोटापासून हातांपर्यंत, आणि ती ऊब कसली हे तिला नीट माहीत होतं. तिला लाज वाटली. लाज वाटूनही ती ऊब कमी झाली नाही. किती दिवसांनी तिला कडकडून भूक लागली होती.

राजश्रीनं तिच्यापुढं ताट ठेवलं. भाकरी, मिरच्यांचा ठेचा, रात्रीचं माशाचं कालवण. दारात बायका अजून बोलत होत्या. कुणीतरी म्हणत होतं की आज समद्यांच्या भाकऱ्या कच्च्या ऱ्हायल्या, आता या मास्तरीनबाईंनी बीडहून हॉटेलातलं जेवन आनावं. आम्रपाली खाली मान घालून जेवली. ताट रिकामं झालं तसं तिनं वर बघितलं.

"राजश्री, अजून एक वाढ."

टोपलीत दोन थर होते. फडक्याखाली आत्ताच्या, फुगलेल्या, वाफ धरलेल्या. वर, उघड्यावर, हाळी आली तेव्हा तव्यावरून अर्धवट उतरवलेल्या, एका बाजूनं पांढऱ्या. राजश्रीचा हात टोपलीवर आला आणि थांबला. दोघींनी तो थांबलेला बघितला. मग तिनं वरची उचलली आणि आम्रपालीच्या ताटात ठेवली, सावकाश, पांढरी बाजू वर करून.

आम्रपालीनं तुकडा मोडला. आत ओलं पीठ होतं, ते बोटांना चिकटलं. ठेचा लावून तिनं घास घेतला, मग दुसरा, आणि राजश्री बघत असताना ती भाकरी तिनं कडेपर्यंत खाल्ली.